सीओपीडी आणि ॲलर्जी : दम नेमका कशाने वाढतो?

नवरात्र उठले की घरोघरी माळे रिकामे होतात. वर्षभर बांधून ठेवलेल्या गोधड्या, जुनी वर्तमानपत्रे, पितळी डबे खाली येतात आणि ज्या घरात जुन्या दम्याचे माणूस आहे तिथे त्या रात्री खोकल्यामुळे कोणाचाच डोळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी मिरचीच्या फोडणीचा ठसका लागतो तो थांबत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातल्या ताज्या रंगाच्या वासाने छाती भरून येते. आठवड्याने दवाखान्यात गेल्यावर सगळी तक्रार एका वाक्यात मांडली जाते: धुळीची, धुराची, वासाची, सगळ्याचीच ॲलर्जी आहे. डॉक्टर घाईत असले तर चिठ्ठीवर ॲलर्जीची एक गोळी वाढते आणि विषय तिथेच संपतो.

या तीन प्रसंगांत ॲलर्जी असलीच तर बहुधा एकाच ठिकाणी असेल, गोधडीच्या धुळीत. फोडणीचा खाट आणि रंगाचा वास हे प्रकरण वेगळे. सीओपीडीच्या रुग्णासाठी हा फरक केवळ पुस्तकी नाही. कोणते औषध द्यायचे, कोणते कधीच बंद करायचे नाही, घरात पैसा कशावर खर्चायचा आणि ताटातून काय काढायचे नाही, हे त्यावर ठरते.

सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातले वायुकोश झिजतात. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत परिचित कारण असले तरी एकमेव नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधल्या लेखात दाखवून दिले की, जगभरच्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर, शेतातली आणि कारखान्यातली धूळ, जुना क्षयरोग, लहानपणी वारंवार झालेले छातीचे आजार आणि वर्षानुवर्षे अर्धवट उपचार झालेला दमा, ही त्यांची कारणे. २०१६ साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या अनेकांच्या तोंडी आपल्या आजाराचे नाव अजूनही ‘दमा’ हेच असते आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

दमा हा बहुतेकदा ॲलर्जीच्या अंगाने जाणारा आजार. तो येतो, जातो. दोन झटक्यांच्या मध्ये फुप्फुस जवळपास निरोगी असते. सीओपीडी हळूहळू चढत जातो. पहिल्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, काही वर्षांनी अंघोळ करतानाही. दम्यातल्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा भरणा असतो, तर सीओपीडीत बहुतेकदा न्यूट्रोफिलचा. पाठ्यपुस्तकात ही विभागणी फार सुबक दिसते. प्रत्यक्षात तिशीपर्यंत दमा असलेला माणूस पुढे वीस वर्षे विडी ओढतो, आणि लहानपणापासून शिंका येणारी बाई तीन दशके चुलीपुढे बसते. अशांच्या छातीत दोन्ही आजार एकत्र नांदतात.

हा पेच डॉक्टरांनाही जुनाच आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रा. ओरी यांनी १९६१ मध्ये मांडले होते की, दमा आणि सीओपीडीत मोडणारे जुनाट ब्राँकायटिस व एम्फिसेमा यांच्या मुळाशी एकच प्रवृत्ती असते: ॲलर्जीकडे असलेला कल आणि लगेच आवळणारी श्वासनलिका. हा विचार ‘डच सिद्धांत’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ब्रिटिश तज्ज्ञांना तो पटला नाही; त्यांच्या मते धूर, कफ आणि जंतुसंसर्ग हाच आजाराचा मार्ग होता. पुढे अर्धशतकानंतर दोन्ही आजारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक समित्यांनी मिळून ‘दमा-सीओपीडी सरमिसळ’ असे स्वतंत्र नाव काढले. सीओपीडीच्या समितीने २०२० मध्ये ते मागेही घेतले. हे दोन निराळे आजार आहेत, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, अशी तिची आताची भूमिका आहे. रुग्णाच्या दृष्टीने ती सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल, कारण दोन्ही आजारांवर उपचार करण्याची जबाबदारी त्यातून टळत नाही.

आणि दमा नसतानाही ॲलर्जी असू शकते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सीओपीडीच्या १,३८१ जणांपैकी २९६ जण, म्हणजे साधारण पाचांतला एक, ॲलर्जीच्या प्रवृत्तीचे आढळले. या लोकांना छातीत घरघर आणि सततचा खोकला जास्त होता, आणि दम उफाळून तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची वेळही त्यांच्यावर अधिक येत होती. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासातही हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे ॲलर्जी प्रत्येक सीओपीडी रुग्णाला नसते, पण ज्याला असते त्याचा त्रास ती नक्की वाढवते. शिवाय ती आटोक्यात आणता येते. झिजलेले वायुकोश परत मिळत नाहीत. गादीतली धूळ मात्र कमी करता येते.

ओळखायचे कसे?

ॲलर्जीमध्ये शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. तो पदार्थ पुन्हा नाकात-छातीत गेला की हिस्टामाइनसारखी रसायने सुटतात. म्हणून खऱ्या ॲलर्जीला बहुतेकदा खाज असते: नाकाला, डोळ्यांना, टाळूला, कानाच्या आत. सकाळी उठल्याबरोबर सलग दहा-बारा शिंका, पाण्यासारखे गळणारे नाक, लहानपणचा दमा किंवा इसब, आई-वडिलांपैकी कोणाला तरी असाच त्रास, ठरावीक महिन्यांत वाढणारा आणि गाव बदलल्यावर उतरणारा दम, या खुणा त्या दिशेने बोट दाखवतात.

धूर, उग्र अत्तर, फिनाइल, फोडणी, रंग, थंड हवा यांचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. सीओपीडीत श्वासनलिकेचे अस्तर आधीच सोललेले, हुळहुळे असते. चिडवणारे काहीही लागले की ती आवळते. त्याला आयजीई लागत नाही, खाज सुटत नाही, आणि ॲलर्जीच्या गोळीचा तिथे फारसा उपयोगही होत नाही. मिरची कांडताना घरातल्या सगळ्यांनाच ठसका लागतो. रुग्णाला तो आधी लागतो आणि उशिरा थांबतो, एवढेच. इथे एकच उपाय, त्या गोष्टीपासून दूर राहणे.

दोन-तीन महिने एका वहीत नोंद ठेवली तर बराच उलगडा होतो. दम कोणत्या वेळी वाढला, त्याआधी काय केले होते, कुठे होतो, शिंका होत्या का, कफाचा रंग बदलला का, पंप किती वेळा लागला. शेतकऱ्याने त्यात सोयाबीनची मळणी, कडबा रचणे, भुसा भरणे लिहावे. बाजार समितीत काम करणाऱ्याने कोणत्या धान्याची पोती होती ते लिहावे. दर रविवारीच त्रास होत असेल तर त्या दिवशी घरात काय घडते ते पाहावे. बहुधा झाडलोट निघते.

तपासण्यांमध्ये पहिला मान स्पायरोमेट्रीचा, म्हणजे जोराने फुंकण्याच्या तपासणीचा. श्वासनलिका उघडणारे औषध देऊन ती पुन्हा करतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकरीच्या ७० टक्क्यांहून कमी राहिली तर सीओपीडीचे निदान पक्के होते. औषधाने आकडा भरपूर सुधारला तर दम्याचा अंश असल्याचा संशय घेतात. नुसत्या एक्स-रेवर किंवा स्टेथोस्कोपवर सीओपीडीचे निदान करून आयुष्यभर औषधे घेणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. ही तपासणी झालीच नसेल तर ॲलर्जीच्या तपासणीकडे वळण्याआधी ती करून घ्यावी.

दुसरी तपासणी अगदी साधी आणि स्वस्त: रक्तातल्या इओसिनोफिल पेशींची नेमकी संख्या. ती ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली. १०० च्या खाली असेल तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाचा धोका मात्र कायम. ही तपासणी तब्येत स्थिर असताना करावी. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना हा आकडा खाली जातो आणि फसवतो. आपल्या भागात आणखी एक मेख आहे. पोटातले जंत आणि हत्तीरोगाचे जंतूही इओसिनोफिल वाढवतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या हत्तीरोगाच्या पट्ट्यातल्या माणसाचा आकडा हजारांत गेला असेल तर त्याला ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नये. तिथे वेगळाच, आणि गोळ्यांनी बरा होणारा आजार असू शकतो.

ॲलर्जीची खरी चाचणी दोन प्रकारची. एकीत हातावर धूळकिडे, परागकण, झुरळ, बुरशी यांच्या अर्काचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात. त्याआधी सुमारे आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, पंप मात्र चालूच ठेवायचा. ज्यांचा आजार तीव्र आहे किंवा दम उफाळलेला आहे, त्यांची ही चाचणी करत नाहीत; त्यांच्यासाठी रक्तातले ठरावीक पदार्थाविरुद्धचे आयजीई मोजतात. नुसत्या एकूण आयजीईवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण तो धूम्रपानानेही वाढतो आणि जंतांनीही. चाचणीत गांधी उठली म्हणजे त्याच पदार्थाने दम लागतो असेही नाही. वहीतली नोंद आणि चाचणी यांचा मेळ बसला तरच निष्कर्षाला वजन येते.

ताटावरचा अन्याय

शंभर-दोनशे पदार्थांच्या ‘ॲलर्जी पॅनेल’च्या जाहिराती आता लहान शहरांतही पोहोचल्या आहेत. काही हजार रुपये भरले की एक रंगीत अहवाल हातात पडतो आणि त्यात भात, वांगे, केळे, दही, शेंगदाणे, तूरडाळ अशी लांबलचक यादी लाल रंगात असते. यांतल्या काही चाचण्या आयजीजी नावाची प्रतिद्रव्ये मोजतात. ती एखादा पदार्थ आपण खातो याची खूण असते, ॲलर्जीची नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी अशा चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असे बजावले आहे.

सीओपीडीच्या रुग्णाचे या यादीने होणारे नुकसान इतरांपेक्षा मोठे असते. श्वास घेण्याच्या कष्टातच त्याची बरीच ताकद खर्च होते. पोट भरले की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जाऊन दम लागतो, म्हणून तो आधीच कमी जेवतो. वजन घटत जाणे हे या आजारात वाईट लक्षण मानतात. अशा माणसाचे दही, अंडी, केळी आणि डाळ बंद करणे म्हणजे त्याच्या श्वासाच्या स्नायूंचाच घास काढून घेणे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा ‘दही कफ करते’ हा आग्रह मायेचा असतो, पण वजन घटणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो मागे ठेवावा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दर वेळी अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी किंवा दम असा त्रास होत असेल, तर तोच एक पदार्थ वर्ज्य. बाकी सगळे थोडे-थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे.

घरात आणि घराबाहेर

घरातल्या धुळीत मुख्य आरोपी धूळकिडा. साध्या डोळ्यांना न दिसणारा हा जीव माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतो. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे तोच आहे, हे लायडेनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास शोधून काढले. त्याला ओलावा लागतो, म्हणून कोकणात, मुंबईत आणि गोव्यात त्याची चंगळ असते. तो गाद्या, उशा, गोधड्या, सोफे यांत राहतो. फरशीवर फारसा नाही. त्यामुळे सर्वाधिक लक्ष द्यावे ते बिछान्याकडे. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवावेत. गाद्या-गोधड्या कडक उन्हात दिवसभर टाकण्याची आजीची पद्धत शास्त्राला धरून आहे. उन्हाने किडे मरतात. मात्र त्यांची विष्ठा कापडात शिल्लक राहते, म्हणून नंतर झटकणे किंवा धुणे आवश्यक, आणि ते काम रुग्णाने करायचे नाही. झाडू मारताना त्याने दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर जावे; शक्य असेल तिथे ओल्या फडक्याने पुसावे. दिवाळीचा माळा त्याच्या गैरहजेरीत उतरवावा, हेही ओघाने आलेच.

कापसाच्या जुन्या गादीवर हवाबंद खोळ घालता आली तर चांगले. पण एकच उपाय करून किडे हटत नाहीत; खोळ, धुणे, ऊन आणि हवेशीर खोली हे सगळे मिळून काहीतरी साधते. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबद्दल बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिगारेट सोडलेल्या सीओपीडी रुग्णांवर सहा महिने प्रयोग केला. २०२२ मध्ये आलेला त्याचा निकाल संमिश्र होता. मुख्य कसोटीवर ठोस फरक दिसला नाही, पण खोकला-कफासारखी लक्षणे आणि दम उफाळण्याचे प्रसंग कमी झाले, विशेषतः यंत्र नियमित चालू ठेवणाऱ्यांत. कर्ज काढून घ्यावे असे हे यंत्र नाही. परवडत असेल तर झोपायच्या खोलीत ठेवावे.

झुरळांचे कण हेही ॲलर्जीचे मोठे कारण आहे. त्यांच्यावर फवारा मारला की झुरळ मरते आणि दमेकरी गुदमरतो. त्यापेक्षा कोपऱ्यात लावायची जेल वापरावी, रात्री खरकटे उघडे ठेवू नये आणि मोरीखालची गळती दुरुस्त करावी.

पावसाळ्यात भिंतीला आलेली काळी-हिरवी बुरशी केवळ दिसायला वाईट असते असे नाही. अस्परजिलस नावाची बुरशी ओल्या भिंतीत, सडलेल्या पाचोळ्यात, भिजलेल्या कडब्यात, कुलरच्या वाळ्याच्या पडद्यात वाढते. काहींच्या श्वासनलिकेत ती बस्तान मांडते आणि शरीर तिच्याविरुद्ध जोरदार ॲलर्जी निर्माण करते. कफात तपकिरी गुठळ्या पडणे, दम आटोक्यात न येणे, एक्स-रेवर जागा बदलत येणारे डाग, अशा खुणांकडे लक्ष द्यावे. हेच डाग पाहून आपल्याकडे क्षयरोगाची औषधे सुरू केली जातात. थुंकीत जंतू सापडले नसताना दुसऱ्यांदा टीबीचा कोर्स सुचवला गेला, तर अस्परजिलसविरुद्धच्या आयजीईची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

कबुतरांचा विषय २०२५ मध्ये मुंबईत चांगलाच तापला. दादरचा कबुतरखाना झाकल्यावर आंदोलन झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने होणारा फुप्फुसाचा आजार नेहमीच्या ॲलर्जीहून निराळा असतो. त्यात शिंका नसतात. कोरडा खोकला, हळूहळू वाढणारा दम, कधी ताप असतो, आणि फुप्फुसाचे जाळेच कडक होत जाते. बाल्कनीत कबुतरांचा राबता असेल आणि पंपाने काहीच फरक पडत नसेल, तर सिटी स्कॅनची गरज पडू शकते. दाणे टाकणे थांबवावे, जाळी बसवावी, साचलेली विष्ठा कोरडी खरवडू नये. ओली करून, मास्क लावून दुसऱ्या कोणीतरी काढावी.

घराबाहेर पाऊस सरल्यावर गवते फुलतात आणि त्यांचे पराग हवेत येतात. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेत भरलेले गाजर गवत आता देशभर पसरले आहे. त्याने त्वचेला इसब होतो आणि त्याच्या परागांनी नाक-छातीलाही त्रास होतो. ते उपटायचे ते फुलायच्या आधी आणि हातमोजे घालून. सकाळच्या फेरीची वाट गवताळ माळावरून जात असेल तर त्या दिवसांत ती बदलावी, फेरी मात्र बंद करू नये. चालणे हे सीओपीडीत औषधच आहे.

आता धूर. त्याचा त्रास ही ॲलर्जी नसली तरी तो ॲलर्जीपेक्षा कमी घातक नाही. डासांची एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण सोडते, तितके ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असे २००३ मधल्या एका अभ्यासात दिसले. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वाधिक कण निघाले ते आवाजही न करणाऱ्या नागगोळीतून. लडी त्याखालोखाल होत्या. मुले अगदी वाकून पाहतात ती नागगोळी. कॉइलऐवजी मच्छरदाणी, अगरबत्तीऐवजी फुले आणि समई, चुलीऐवजी गॅस, आणि विडी पूर्ण बंद. विडी चालू ठेवून गाद्या उन्हात घालणे हा स्वतःचीच समजूत काढण्याचा प्रकार झाला. बाहेर धूळ-धूर असेल तर एन-९५ मास्क उपयोगी पडतो. पदर किंवा ओला रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. मात्र ज्यांना बसल्या जागी दम लागतो त्यांना हा मास्क लावून श्वास घेणे जड जाते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

औषधांच्या पेटीत

ॲलर्जी असलेल्या सीओपीडी रुग्णाच्या उपचारात सर्वांत दुर्लक्षित अवयव म्हणजे नाक. नाक चोंदले की तोंडाने श्वास घेतला जातो, कोरडी-थंड हवा थेट छातीत जाते आणि खोकला वाढतो. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा नियमित घेतल्यावर काही दिवसांनी गुण येतो. तो लगेच मोकळे करणारा थेंब नाही. लगेच मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिक चोंदते.

ॲलर्जीच्या गोळीने शिंका आणि खाज थांबते; सीओपीडीचा दम थांबत नाही. फेक्सोफेनाडिन, सेटिरिझिन, बिलास्टिन यांसारख्या नव्या पिढीच्या गोळ्या तुलनेने सुरक्षित, तरी सेटिरिझिनने काहींना झोप येते. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या सर्दीच्या गोळीत मात्र बहुधा क्लोरफेनिरामिन असते. त्याने गुंगी येते, कफ घट्ट होतो, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर पुरुषाची लघवी अडू शकते. सीओपीडीच्या पंपातली टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम ही औषधेही लघवीवर तसाच परिणाम करू शकतात, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यावर धोका वाढतो. सत्तरीतल्या वडिलांना रात्री अचानक लघवी होईनाशी झाली तर सर्दीच्या गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे.

मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. दम्यात आणि ॲलर्जीच्या सर्दीत तिला स्थान आहे, नुसत्या सीओपीडीत तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये मॉन्टेलुकास्टच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल सर्वांत कडक श्रेणीचा इशारा दिला. ही गोळी सुरू झाल्यावर झोप उडाली, भयंकर स्वप्ने पडू लागली, स्वभाव बदलला किंवा मन खचले, तर ते वयावर ढकलू नये.

पंपाबाबत एक नियम पक्का आहे. सीओपीडीसोबत दमा असेल, तर श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड उपचारात असलेच पाहिजे आणि ते रुग्णाने आपल्या मनाने बंद करायचे नाही. नुसती श्वासनलिका उघडणारी औषधे घेऊन दम्याची सूज तशीच ठेवणे जिवावर बेतू शकते. दम्याचा अंश नसेल, इओसिनोफिल कमी असतील आणि वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर हेच स्टिरॉइड काढावे लागू शकते. म्हणून शेजाऱ्याचा पंप शेजाऱ्याला. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी टाकून द्यावे. पुडीतली कॅप्सूल गिळायची नसते, यंत्रात फोडून ओढायची असते. दर भेटीत डॉक्टरांसमोर एकदा पंप घेऊन दाखवावा.

तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दम उफाळला की पाच दिवसांपुरत्या देतात. त्यांनी इतके बरे वाटते की अनेक जण त्या स्वतःच आणून घेत राहतात. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोग डोके वर काढतो. दम्यावरच्या बिननावाच्या पुड्या दोन दिवसांत चमत्कार करत असतील तर त्यांत स्टिरॉइड मिसळल्याची शंका घ्यावी.

ॲलर्जीची लस, म्हणजे वर्षानुवर्षे अल्प मात्रेत दिला जाणारा अर्क, ही सीओपीडीच्या बहुसंख्य रुग्णांसाठी नाही. पहिल्या सेकंदातल्या फुंकरीचा आकडा निरोगी माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर तिची प्रतिक्रिया धोक्याची ठरू शकते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी हा वेगळा विषय आहे. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी. अंड्याची ॲलर्जी हे ती टाळण्याचे कारण आता मानले जात नाही.

नव्या जैविक औषधांचीही चर्चा आहे. डुपिलुमॅबला २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेत, मेपोलिझुमॅबला २०२५ मध्ये अमेरिकेत सीओपीडीसाठी मान्यता मिळाली. डुपिलुमॅबच्या चाचण्यांत दम उफाळण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. गंमत अशी की या चाचण्यांत दमा असलेल्यांना घेतले नव्हते आणि ॲलर्जी ही अटही नव्हती. निकष होता इओसिनोफिल ३०० च्या वर असण्याचा. ही इंजेक्शने अतिशय महाग आहेत आणि तीन औषधांचा पंप नीट घेऊनही वारंवार दम उफाळणाऱ्यांसाठीच आहेत. पंप चुकीच्या पद्धतीने घेणाऱ्याने आधी पंप शिकावा.

फाइलच्या पहिल्या पानावर औषधांच्या ॲलर्जीची नोंद ठळक अक्षरांत हवी: पेनिसिलिन, सल्फा, किंवा डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके. नाकात मांसाचे कोंब असलेल्या दमेकऱ्यांना ॲस्पिरिन गटातल्या गोळीने तासा-दोन तासांत जोराचा झटका येऊ शकतो, म्हणून गुडघेदुखीची गोळीही विचारून घ्यावी.

आणि वाट कधी पाहायची नाही, तेही घरात सगळ्यांना माहीत असावे. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ-नखे निळसर पडणे, रुग्ण गुंगीत जाणे किंवा असंबद्ध बोलणे, पंपाने अर्ध्या तासातही उतार न पडणे, किंवा दमासोबत अंगभर गांधी आणि चेहऱ्याला सूज येणे, यांपैकी काहीही दिसले की १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर घाबरून त्याचा प्रवाह वाढवत नेऊ नये. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांत बोटावरच्या यंत्राचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. त्याहून जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. रुग्णवाहिकेतल्या माणसांना पहिल्याच वाक्यात सांगावे की रुग्णाला सीओपीडी आहे, आणि औषधांची पिशवी, फाइल व नोंदवही सोबत न्यावी.